एकाच पीसीवर गेम आणि लाइव्ह स्ट्रीम: पुण्यात मशीन जमवताना काय बघायचं

टिळक रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन "गेमही खेळायचाय आणि लाइव्हही जायचंय" असं सांगितलं, की बरेचदा आधी महागडा प्रोसेसर काढला जातो. एके काळी ते बरोबर होतं. तेव्हा व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे नेटवर पाठवण्याजोगा आकसून बांधायचं, ओझं प्रोसेसरवरच असायचं. आता ग्राफिक कार्डात एन्कोडिंगसाठी वेगळा भाग असतो. एनव्हिडियाच्या कार्डांत त्याला एनव्हेंक म्हणतात आणि आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचा दर्जा स्ट्रीमसाठी अगदी चांगला आहे. गेमचं चित्र काढणारे कोअर वेगळे असल्यामुळे एन्कोडिंगने एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) फारसा पडत नाही. म्हणून बजेटचा मोठा वाटा कार्डाला द्या.

तरीही स्ट्रीम अडखळतो, आणि त्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गेम, वेबकॅम, चॅट, अलर्ट हे सगळं एका चित्रात बसवायचं काम ओबीएस हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर त्याच कार्डाच्या गेम चालवणाऱ्या कोअरवर करतं. गेमने कार्ड ९९ टक्के खाल्लं तर ओबीएसची पाळीच येत नाही. तुमच्या स्क्रीनवर गेम मस्त पळतो, प्रेक्षकांना मात्र झटके दिसतात. त्यामुळे तुमचा गेम तुमच्या सेटिंगवर चालवून १५ टक्के तरी हातचे राहतील असं कार्ड घ्या आणि गेममध्ये एफपीएसला मर्यादा घाला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर १४० ठेवा, मोकळं सोडू नका.

कार्ड निवडताना काही खाचखळगे आहेत. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांत व्हिडिओ एन्कोडरच नाही, स्ट्रीमसाठी ती बादच समजा. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साध्या जीटीएक्स १६५० मध्ये आधीच्या पिढीचा एन्कोडर आहे. १६५० सुपरमध्ये नवा आहे, म्हणजे नाव जवळपास सारखं आणि काम वेगळं. आरटीएक्स ४० मालिका, आरएक्स ७००० मालिका आणि इंटेल आर्क यांना एव्ही१ या नव्या पद्धतीचं एन्कोडिंग येतं. यूट्यूब ते स्वीकारतं आणि तेवढ्याच बिटरेटमध्ये (सेकंदाला जाणाऱ्या डेटामध्ये) चित्र जास्त स्वच्छ येतं. अपलोड कमी असलेल्यांना याचा खरा फायदा. १०८० पीसाठी ८ जीबी मेमरी आज जेमतेम पुरते. नवे मोठे गेम खेळणार असाल तर १२ किंवा १६ जीबीचं कार्ड बघा.

प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचा पुरे. रायझेन ५ ७६००, किंवा बजेट कमी असेल तर रायझेन ५ ५६०० नाहीतर आय५-१२४००एफ. व्हॅलोरंटसारखा गेम २०० च्या वर एफपीएसने खेळायचा, शेजारी डिस्कॉर्ड आणि ब्राउझरचे दहा टॅब उघडे, असा कारभार असेल तरच ८ कोअरला पैसे घाला. नावात 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक नसतं, त्यामुळे इंटेलचा क्विकसिंक एन्कोडरही मिळत नाही.

रॅम प्रत्येकी १६ जीबीच्या दोन पट्ट्या. एकच पट्टी "नंतर वाढवू" म्हणून घेऊ नका. सिंगल चॅनेलवर सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण मधेच गचके बसतात. चार खाचा असलेल्या बोर्डवर पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा. असेंबल करून देताना हे हमखास राहून जातं आणि ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते.

गेमसाठी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), रेकॉर्डिंगसाठी शक्यतो दुसरी एसएसडी. ४० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर तासाला १८ जीबी जातात. एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा. साधी एमपी४ फाइल मधेच वीज गेली तर उघडत नाही.

विजेचं नीट बघा. शहराच्या बऱ्याच भागांत देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद असते, वळवाच्या पावसात तर कधीही जाते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. आरटीएक्स ४०६० चं मशीन गेम आणि स्ट्रीम मिळून २५० ते ३०० वॉट ओढतं, वर दोन मॉनिटरचे ५०-६०. म्हणजे तो काठावर चालतो आणि ऐन वेळी दगा देतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या, स्ट्रीम नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस लावा, नाहीतर पीसी चालू आणि नेट गेलं अशी गत होते. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, ५५० ते ६५० वॉट. इथे पाचशे रुपये वाचवू नका, तो जळताना बोर्ड आणि कार्डालाही घेऊन जातो. घरच्या प्लगला अर्थिंग आहे की नाही हे दाखवणारा छोटा टेस्टर तपकीर गल्लीत मिळतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि आवाज नको म्हणून खोलीचं दार बंद असतं. समोर अख्खी काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं, पण हवा कुठून येणार? जाळीचं घ्या, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. बहुतेक एनव्हिडिया कार्डं ८३ अंशांच्या आसपास वेग कमी करू लागतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर जाळी महिन्याला धुवा.

माइक डायनॅमिक घ्या आणि तोंडापासून १० सेंटिमीटरवर ठेवा. कंडेन्सर प्रकारच्या माइकमध्ये छताचा पंखा येतो, गणपतीआधी जवळच्या ढोल पथकाचा सरावही येतो.

नेट वायफायवर नको, लॅन केबल टाका. यूट्यूबला एच.२६४ या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये १०८० पी ६० एफपीएससाठी १२ एमबीपीएस, ७२० पीसाठी ६. रात्री नऊला अपलोड मोजा, निम्म्याच्या वर बिटरेट ठेवू नका. ओबीएसमध्ये कीफ्रेम २ सेकंद, बिटरेट सीबीआर (कायम एकसारखा), प्रीसेट पी५, लुक-अहेड बंद, कारण ते गेमचे कोअर वापरतं. ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, विंडोज मग त्याला कार्डावर आधी पाळी देतं.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएसचे सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीत तेच लागतं. दोन्ही मॉनिटर कार्डाच्याच पोर्टला जोडा. मग तुमचा सर्वांत जड गेम लावून, यूट्यूबवर स्ट्रीम अनलिस्टेड ठेवून, अर्धा तास चालवा आणि ओबीएसचं स्टॅट्स उघडं ठेवा. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर कार्ड दमलंय, एफपीएसची मर्यादा अजून खाली आणा किंवा सावल्या कमी करा. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडर चुकून एक्स२६४ वर, म्हणजे प्रोसेसरवर, राहिलाय का ते पाहा, नसेल तर प्रीसेट पी४ करा. फक्त ड्रॉप्ड फ्रेम्स वाढत असतील तर मशीनला हात लावू नका, दोष नेटचा आहे: बिटरेट ८ वर आणून पाहा, केबल बदला, तरी थांबलं नाही तर कंपनीकडे तक्रार नोंदवा.