नागपूरच्या घरात कंट्री-रॉक अल्बम रेकॉर्ड करायचा असेल तर

कंट्री-रॉक म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या कंट्री गाण्याला रॉकची जोड. सगळ्यात आधी गिटार बाजूला ठेवा आणि कॅनडाचा गायक-गिटारवादक नील यंग याचा 'हार्वेस्ट' हेडफोन लावून एका बैठकीत ऐका, १९७२ चा अल्बम, १० गाणी, जेमतेम ३७ मिनिटं. ऐकताना वाद्यं किती कमी वाजून राहिली ते बघा. ड्रम एकदम साधा, बास मोजक्या सुरांवर, आणि बेन कीथची पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार सरकवत वाजवतात, पायाच्या पेडलनं सूर बदलतात) तर ओळ संपली की हळूच येते अन् पुढच्या ओळीआधी निघून जाते. माझ्या मते कंट्री-रॉकचा जीव इथंच आहे, गाणारा बोलत असताना बाकीच्यांनी वाट द्यायची.

त्यावेळी नीलच्या पाठीचं दुखणं एवढं होतं की जड इलेक्ट्रिक गिटार फार वेळ धरवत नव्हती, म्हणून अल्बममध्ये अकूस्टिक जास्त आली. आणि रेकॉर्डिंग कुठं कुठं झालं तर काही अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत, काही त्याच्याच रँचवरच्या, म्हणजे शेतावरच्या, लाकडी कोठारात, दोन गाण्यांचा ऑर्केस्ट्रा लंडनकडच्या बार्किंगच्या टाऊन हॉलमध्ये, एक गाणं तर सरळ लाइव्ह कार्यक्रमातलं. त्यामुळे भाऊ, स्टुडिओचे पैसे जमेपर्यंत थांबू नका, घरची खोली चालते.

फक्त नागपूरच्या खोलीला कूलर असतो, आणि खरी लढाई त्याच्याशीच आहे. मे महिन्यात पारा ४५ वर, कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये नुसती घरघर, बंद केला तर घाम बोटांवरून तारांवर. वरून कूलरच्या ओल्या हवेत लाकूड ओल धरते आणि बंद केल्यावर परत सुकते, म्हणून सुरात लावलेली गिटार बघता बघता हलते. मी असं करतो, कूलर तासभर आधी चालवून बंद करायचा, गिटार केसमधून काढून त्याच खोलीत अर्धा तास पडू द्यायची, मग ट्यून करायची, एक टेक, म्हणजे एका दमात एक रेकॉर्डिंग, घ्यायचा, परत ट्यून करायची. वेळ पहाटे साडेतीन ते पाच, त्यानंतर कोकिळा सुरू होते आणि ती थांबत नाही. अजनीकडे राहत असाल तर रेल्वेच्या हॉर्नचाही अंदाज घ्या.

खोलीत दोन भिंतींना गाद्या उभ्या करा, समोर दोरीवर गोधडी टांगा. कंडेन्सर माइक (वीज लागणारा नाजूक माइक) असेल तर इंटरफेसवरचं, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यावरचं, ४८ व्होल्टचं बटन चालू करावं लागते. माइक गिटारच्या भोकासमोर ठेवू नका, तिथं नुसता ढबढब आवाज येतो, माझी पहिली तीन गाणी अशीच वाया गेली. बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची धातूची आडवी पट्टी), साधारण वीतभर लांब, थोडा भोकाकडे तिरपा करून ठेवा, बोट तारेवरून सरकल्याचा बारीक आवाजही येतो अन् तो ठेवायचा, काढायचा नाही. रेकॉर्डिंगच्या आवाजाचा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळू द्या, लाल लागला की टेक गेला समजा.

पेडल स्टील कुठून आणायची? माळ्यावर बघा! आपल्याकडे जुन्या लोकांनी हवाईयन गिटारवर हिंदी सिनेमाची गाणी भरपूर वाजवली, आणि पेडल स्टील त्याच हवाईयन गिटारच्या घराण्यातली. नागपूरच्या महाल भागात आमच्या काकांकडे एक पडून होती, तारा बदलल्या, मांडीवर आडवी ठेवली, स्टीलचा बार घेतला, पहिल्याच सुराला अंगावर काटा आला. नसेलच तर साध्या इलेक्ट्रिकला जाड तारेकडून डी-जी-डी-जी-बी-डी असं लावा, बोटात स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, घाला, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा आणि करंगळीनं नॉब हळूहळू उघडा, सूर दुरून आल्यासारखा येतो. बार असो की स्लाइड, फ्रेटच्या बरोबर वर ठेवायचा, मागं राहिला तर बेसूर.

शब्द मात्र आपल्याच बोलीत लिहा. टेनेसीच्या रस्त्यावर गाणं लिहायची काय गरज, काटोलवरून संत्रा भरून रात्री निघालेला ट्रक आपल्याकडे आहे ना. आणि 'येऊन राहिलो', 'जाऊन राहिली' ह्या आपल्या क्रियापदांचा शेवटचा स्वर ओळीच्या टोकाला मस्त लांबवता येतो, तिथंच स्टील गिटार आत घ्या.

गिटार आणि गळा एकाच वेळी रेकॉर्ड करा, वेगवेगळं केलं की श्वास जुळत नाही. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळवणी, झालं की घरातल्या साध्या मोबाइलच्या स्पीकरवर लावा, आईला स्वयंपाकघरातून शब्द कळले तर गाणं झालं, नाही कळले तर आवाज न वाढवता एक वाद्य कमी करा. आणि जून लागायच्या आत केसमध्ये सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा, पावसाळ्यात तारा फ्रेटबोर्डवरून वर उचलल्या जातात.