ईमॅक्समध्ये हेल्म, आयव्ही की व्हर्टिको: पारख कशी करावी

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल, बफर (उघडलेला मजकूर) किंवा आज्ञा शोधताना समोर येणारी यादी सुधारणारी हेल्म, आयव्ही आणि व्हर्टिको ही तीन पॅकेजेस तपासायची असतील, तर ती नेहमीच्या मांडणीत एकावर एक चढवू नयेत. २०२३ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स सुरू करतानाच वेगळे इनिट फोल्डर (सुरुवातीच्या मांडणीच्या फाइलींचे) देता येते. त्यामुळे प्रत्येक पॅकेजसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवावे, म्हणजे कोणता बदल कोणामुळे झाला याचा घोळ होत नाही. सुरू व्हायला लागणारा वेळ ईमॅक्स स्वतःच सांगतो, पण त्याला फार महत्त्व देऊ नये.

खरा फरक रोजच्या कामात दिसतो. ‘नोंद-जुनी’ ही फाइल असलेल्या फोल्डरमध्ये ‘नोंद’ नावाची नवी फाइल तयार करून पाहावी: नुसते एंटर दाबल्यास व्हर्टिको आणि आयव्ही जुनीच फाइल उघडतात, आणि टाइप केलेलेच नाव हवे असल्यास व्हर्टिकोत आल्ट-एंटर, तर आयव्हीत कंट्रोल-आल्ट-जे दाबावे लागते. अनेक फाइलींवर खुणा करून एकदम कृती करण्यात हेल्म सरस आहे. मात्र त्याचा पसारा मोठा आहे. व्हर्टिको ईमॅक्सच्याच मूळ यंत्रणेवर चालते, म्हणून ऑर्डरलेस (शब्द कोणत्याही क्रमाने टाइप करून शोधू देणारे) किंवा मार्जिनेलिया (यादीतील प्रत्येक नोंदीशेजारी माहिती दाखवणारे) यांसारखी छोटी पॅकेजेस त्याला सहज जोडता येतात, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी तेच घ्यावे असे माझे मत आहे. हेल्मची सवय झालेल्याने उगीच बदलू नये.