आरएन की एलपीएन? नुसत्या ताशी दरावर जाऊ नका

भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या मुली मला सारखं विचारतात, "ताई, आधी एलपीएन करू का? लवकर होतं म्हणे." एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या खालचं लायसन्स. नको गं. एनक्लेक्स-आरएनच्याच, म्हणजे आरएनच्या लायसन्स परीक्षेच्याच मागे लाग. जीएनएमवाल्या कितीतरी जणी थेट आरएन झाल्यात. 'आधी छोटं लायसन्स, मग मोठं' हा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा दोन्ही लायसन्सवर काम केलेलं नसतं.

मी केलंय. टेक्सासात एलपीएनला एलव्हीएन म्हणतात. नर्सिंग होममध्ये एकटीकडे पंचवीस-तीस आजी-आजोबा. सकाळच्या गोळ्यांची फेरी संपवून मेड कार्ट जागेवर लावेपर्यंत दुपारची फेरी उभी. काम कमी नाही, पगार मात्र कमी. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत आरएनचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर, एलपीएनचा ६२,३४०.

पण हे आकडेही जसेच्या तसे धरू नका. ते वर्षाला २,०८० तास, म्हणजे आठवड्याला ४० तास धरून काढलेले असतात. आरएनचे ताशी ४५ झाले. हॉस्पिटलात फुलटाइम म्हणजे बऱ्याच ठिकाणी बारा तासांच्या तीन शिफ्ट, ३६ तास. त्याच दराने वर्षाचे ८४,२४० होतात.

आता पर-डीम, म्हणजे गरज पडेल तेव्हा शिफ्टपुरतं बोलावून दिलेलं काम. इथे फार जणी फसतात, मीही फसले होते. समजा, एजन्सी एलपीएनला ताशी ३८ देते आणि हॉस्पिटल नव्या आरएनला ३६. अडतीस मोठे दिसतात ना? पण पर-डीमला तासांची हमी नसते. पेशंट कमी झाले की शिफ्टच्या तोंडावर मेसेज येतो, 'आज येऊ नका', आणि त्या दिवसाचे शून्य. आठवड्यात २४ तासच मिळाले तर हातात ९१२ डॉलर. तिकडे छत्तीस तासांचे १,२९६. वर हेल्थ इन्शुरन्स, पगारी रजा, ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यात मालकाचा वाटा. पर-डीमला यातलं बहुतेक काही मिळत नाही. आणि कागदावर डब्ल्यू-२ (नोकरदार) ऐवजी १०९९ (स्वतंत्र कंत्राटदार) असेल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर करातला मालकाचा हिस्साही तुम्हीच भरायचा: ७.६५ टक्क्यांऐवजी १५.३. रिक्रूटर गोड बोलतो, हे सांगत नाही. मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

एलपीएन आधीच झालं असेल तर घाबरू नका. केलेलं वाया जात नाही, एलपीएनवरून आरएन होण्यासाठी एलपीएन-टू-आरएन ब्रिज कोर्स असतात. नोकरी करत करत जमतं. दमछाक होते, पण जमतं.

बाकीच्यांनी आधी आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची कागदपत्रांची यादी वाचा. त्याच राज्यात लायसन्स काढलेली एखादी सिनियर गाठा. दुसऱ्या राज्यातल्या दहा जणींपेक्षा ती बरी. सीईएस रिपोर्टसाठी (परदेशी शिक्षणाच्या तपासणीचा अहवाल) ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून आणि रजिस्ट्रेशनची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून परस्पर जावी लागते. फोनवर विसंबू नका, माहेरच्या कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवा.