गाडी उशिरा वळत होती, गडबड निघाली टीव्हीच्या सेटिंगमध्ये

पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर ग्रॅन टुरिस्मो ७ हा कार रेसिंगचा गेम खेळताना जपानमधल्या सुझुका ट्रॅकच्या एस वळणांवर माझी गाडी दरवेळी बाहेर फेकली जायची. तिथे डावं-उजवं-डावं अशी वळणं एकापाठोपाठ येतात, एक हुकलं की पुढची सगळी बिघडतात. टायर बदलून पाहिले, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरत फिरू नयेत म्हणून मिळणारी मदत) वाढवून पाहिलं, फरक शून्य. मग लक्षात आलं की मेनूमध्येसुद्धा बटण दाबल्यावर निवड जरा उशिराच सरकतेय. म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच!

टीव्ही चित्र उठावदार आणि गुळगुळीत करण्यासाठी प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो, त्यात वेळ जातो. सिनेमाला ते चालतं. पण ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. चित्र ०.१ सेकंद जरी उशिरा आलं, तरी आपण साडेपाच मीटर मागचा रस्ता बघत असतो. मग ब्रेक नेमका कुठे मारणार?

टीव्हीत ही प्रक्रिया कमी करणारा गेम मोड चालू केला, हालचाल गुळगुळीत दाखवणारं मोशन स्मूदिंग बंद केलं. माझ्या टीव्हीत हे प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळं करावं लागतं, तेवढं तपासा. टीव्हीला एएलएलएमची (ऑटो लो लेटन्सी मोड) सोय असेल तर पीएस५ च्या स्क्रीन आणि व्हिडिओ सेटिंगमधून तेही चालू करा, मग गेम मोड आपोआप लागतो.

आता ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा १ वर आणलंय. एबीएस लागल्याची कंट्रोलरच्या एल२ मधली (ब्रेकचं बटण) थरथरही आता चित्राबरोबरच जाणवते.