घर बघायला जुलैत या

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पहिलं घर घेताय ना, मग मे महिन्यातल्या कोरड्या भिंती बघून टोकन देऊ नका. जुलैत, सलग चार दिवस कोसळल्यावर पुन्हा या. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. नैर्ऋत्येचा पाऊस याच बाजूला झोडपतो. जांभ्याच्या चिऱ्यात मुरलेलं पाणी गिलाव्याला फुगे आणतं, हाताला गार लागतं. विहीर मात्र मेमध्येच बघा.

आणि सातबारा! त्यावर बरेचदा मुंबईला गेलेल्या चुलत्यांची, आत्यांची नावं असतात. प्रत्येक हिस्सेदाराची सही हवीच. ‘ते काय बोलायचे नाहीत’ यावर खरंच भागवू नका. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल घ्या, जुने फेरफारही, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी काढा.