एबीसी आयडी काढून भागत नाही: क्रेडिट खात्यात आणायचे कसे

ॲडमिशनच्या दिवसांत रोज तीस-चाळीस मुले मला एकच गोष्ट सांगतात, "सर, एबीसी आयडी काढलाय, झालं ना?" नाही झाले. एबीसी म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, पास झालेल्या विषयांचे क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) जिथे जमा होतात ते ऑनलाइन खाते, आणि आयडी म्हणजे त्या खात्याचा नुसता क्रमांक. पासबुक मिळाले म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. कॉलेजात एबीसीचे काम माझ्याकडे आल्यापासून दरवर्षी तिसऱ्या वर्षाची काही मुले रडवेली होऊन येतात. आयडी पहिल्याच वर्षी काढलेला असतो, पण खाते रिकामे असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आयडी काढणे पाच मिनिटांचे काम आहे. डिजिलॉकर उघडा, 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' शोधा, विद्यापीठ किंवा संस्था निवडा, प्रवेशाचे वर्ष आणि नोंदणी क्रमांक टाका, की १२ आकडी क्रमांक मिळतो. कार्डावर 'अपार' (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) असे लिहिलेले दिसले तरी गोंधळू नका, क्रमांक तोच. संस्थेचे नाव निवडताना मात्र सावकाश जा, सारख्या नावाची कॉलेजे भरपूर आहेत.

डिजिलॉकर स्वतःच्या आधारवर उघडलेले हवे. मागे एका मुलीचे कार्ड पाहिले, तर त्यावर नाव तिच्या वडिलांचे. घरात स्मार्टफोन एकच आणि त्यात वडिलांचे लॉगिन आधीपासून होते. तिने वडिलांच्याच नावाने आयडी काढून दीड वर्ष प्रत्येक फॉर्मवर तोच क्रमांक लिहिला होता. कार्ड निघाले की आधी नाव आणि जन्मतारीख वाचा, क्रमांक नंतर.

आता खरी अडचण. नाव जुळणे.

आपल्याकडे गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुणाच्या आधारवर वडिलांचे नावच नाही. कुणाच्या 'गायकवाड'मध्ये इंग्रजी 'ए' एक जास्त, कुणाच्या वडिलांच्या नावामागे एका ठिकाणी 'राव' आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. विद्यापीठ निकालाची माहिती पाठवते तेव्हा क्रमांकाबरोबर नाव आणि जन्मतारीखही पडताळली जाते. तिथे जुळले नाही, तर त्या मुलाची नोंद मागे पडते आणि मुलाला कुणी कळवत नाही.

अशा वेळी सायबर कॅफेवाला, मित्र, शेजारचा दादा सगळे एकच सल्ला देतात, "आधार बदलून टाक." कृपा करून हे लगेच करू नका. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख तर एकदाच. सुरुवातीला मीही मुलांना हाच सल्ला देत असे, ही माझी चूक होती. एका मुलाने आधार बदलले आणि मग लक्षात आले की आधार बरोबर होते, चूक विद्यापीठाच्या नोंदीत होती. त्याची एक संधी फुकट गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून हा क्रम पाळा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि कॉलेजचा प्रवेश अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचा. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना. आधार दहावीशी जुळते आणि विद्यापीठाची नोंद वेगळी आहे, तर कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे दुरुस्तीचा अर्ज करा, आधारला हात लावू नका. आधारमध्येच स्पेलिंग चुकले असेल तरच आधार केंद्रावर जा. फरक नुसता नावाच्या क्रमाचा असेल तर आधी ऑफिसला विचारा, बहुतेकदा तो तिथेच सुटतो. शिकत असताना लग्न झालेल्या मुलींना माझे स्पष्ट सांगणे आहे, पदवी हातात येईपर्यंत आधारवरचे नाव तसेच राहू द्या.

अर्ज तोंडी नको. एबीसी कार्ड, गुणपत्रिका आणि आधारची झेरॉक्स जोडा, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक) लिहा, आवक क्रमांक घालून पोच घ्या. पोच नसेल तर दोन महिन्यांनी तुमचा अर्ज आला होता हे सिद्ध करायला तुमच्या हातात काही नसते.

पुढची पायरी दर सत्राची. निकाल लागला की थोडे थांबा आणि मग खाते उघडून बघा. क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाहीत, ते फक्त संस्थेकडूनच येतात. "गुणपत्रिका अपलोड करून देतो" म्हणत कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात, बेरीज स्वतः करा. मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, क्रेडिट सहसा नीट येतात. राहून जातात ते एनएसएस, क्रीडा अशा सहअभ्यासक्रमाचे २ क्रेडिट, कारण ते गुण कॉलेजने भरायचे असतात. एटीकेटी असेल, म्हणजे एखादा विषय राहिलेला असताना पुढच्या वर्गात गेला असाल, तर त्या विषयाचे क्रेडिट तो सुटल्यावरच मिळतील, त्यासाठी ऑफिसात भांडू नका.

मध्येच शिक्षण थांबवायची वेळ आली तर नुसते कॉलेजला जाणे बंद करू नका. ही चूक गरीब घरातली मुले सर्वांत जास्त करतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाचा सर्वांत जास्त उपयोग त्यांनाच आहे. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण करून, वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दोन वर्षांचे ८० ते ८८ क्रेडिट आणि वर तसेच ४ क्रेडिट झाले तर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येते, मात्र पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची. बाहेर पडायचे ते लेखी अर्ज करून, म्हणजे परत येताना तुमची नोंद सापडते.

विद्यापीठ बदलणार असाल तर टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचे प्रमाणपत्र) काढण्याआधी नव्या कॉलेजला विचारा की जुन्यापैकी कोणते विषय समकक्ष धरले जातील. खात्यात क्रेडिट आहेत म्हणजे ते आपोआप मान्य होतील, असे नाही. पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात, त्यामुळे शेवटच्या वर्षी बदलण्याचा विचार सोडून द्या.

आणि टीसीचा अर्ज देण्याआधी ऑफिसच्या खिडकीपाशी उभे राहूनच फोनवर खाते उघडा. एखादे सत्र गायब दिसले तर टीसी मागू नका. नाव पटावर असेपर्यंत तुमचे काम ऑफिसच्या रोजच्या कामात धरले जाते. टीसी घेतल्यावर त्याच कामासाठी गावाहून तीन-तीन खेपा मारणारी मुले मी पाहिली आहेत.