मोडकी जुनी गाडी हाती आली की या चुका टाळा

ट्रॉलीवरून गाडी खाली उतरायच्या आत ग्राइंडर सुरू होतो. मी आजवर पाहिलेली सगळ्यात महाग चूक हीच. आपल्या जळगाव-धुळ्याकडे खळ्यातून, जिनिंगच्या आवारातून, गोठ्याशेजारून जुन्या फियाट आणि जीप बाहेर निघताहेत. काही इतक्या चेपलेल्या, सडलेल्या असतात की त्या पुन्हा उभ्या करायच्या की आहेत तशा जपून मांडायच्या, हे ठरवणं खरोखर अवघड असतं. पण तो विचार करायला कुणी थांबतच नाही. पाडव्याच्या आत गाडी चकचकीत हवी असते.

अमळनेर तालुक्यातली एक डिलाइट माझ्या डोक्यातून जात नाही. फियाट ११०० डिलाइट, म्हणजे पुढे जिची प्रीमियर पद्मिनी झाली ती. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराला लागून कित्येक वर्षं उभी होती. एका पावसाळ्यात धाब्याने पाणी धरलं आणि भिंतीसकट माती गाडीवर आली. छत मागून वीतभर खाली बसलं, मागची काच फुटली, डावं दार अडकलं. मी पाहायला गेलो तेव्हा नाना, गाडीचे मालक, ओट्यावर बसले होते. मी आत डोकावलो. स्टीअरिंगवर त्यांचा हात जिथे राहायचा तेवढाच भाग झिजून गुळगुळीत झालेला. स्टीअरिंगखालच्या गियरच्या दांडीला धोतराची चिंधी गुंडाळलेली, मळून काळी पडलेली. डॅशबोर्डवर विठोबाचा टिकलीएवढा फोटो.

मी नानांच्या मुलाला म्हटलं, आठ दिवस थांबा. माती वाळू द्या, ब्रशने काढू, मग ठरवू. तो म्हणाला, "भाऊ, नवी कोरी दिखाले पायजे, लगीनमा काढनी शे." गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली. तिथे छत कापलं, भंगारातल्या पद्मिनीचं छत जोडलं, डॅशबोर्ड बदलला, पुट्टी भरली, रंग मारला. लग्नात गाडी मिरवली. पहिल्या पावसाळ्यानंतर दाराखालच्या पट्ट्यावर फोड आले. दुसऱ्या पावसाळ्यात पुट्टीची खपली हातात आली. आत पत्रा नव्हताच, लाल भुगा होता.

असं होणारच होतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो वरचा थर उचलतो. आपली काळी माती ओल धरून बसते. पडलेल्या भिंतीची माती त्या पट्ट्याच्या पोकळीत तशीच राहिली होती आणि तिच्यावरून रंग मारला होता. शिवाय या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार वाहते. खालचा पट्टा आणि फ्लोअर गेले की गाडीची ताकदच गेली. पुट्टीने ताकद येत नाही.

नाना त्या गाडीत एकदाच बसले. "हाई मनी गाडी नही," म्हणाले आणि उतरले. जुना डॅशबोर्ड मी भंगारवाल्याकडे शोधला. मिळाला नाही.

माझ्या हातात असती तर मी ते छत तसंच ठेवलं असतं. ती माती त्यांच्याच घराची होती. माती काढून, पट्टे आतून साफ करून, इंजिन मोकळं करून गाडी शेडमध्ये उभी केली असती. पुढे कधी नातवाला छत सरळ करावंसं वाटलं असतं तर त्याला ती मोकळीक राहिली असती.

म्हणून प्रत्येक गाडी मोडकीच ठेवा, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत केंटकीमधल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ला जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यांनी सरसकट एकच नियम लावला नाही. तीन गाड्या दुरुस्त केल्या, पाच चुरगळलेल्या तशाच मांडल्या. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवरातून २००९मध्ये निघालेली १९२५ची बुगाटी ब्रेशिया तर अनेक दशकं पाण्याखाली होती. ती २,६०,५०० युरोंना विकली गेली आणि घेणाऱ्याने ती सडलेलीच संग्रहालयात ठेवली. तिला नवं करायचं तर जवळजवळ सगळा पत्रा नवा घालावा लागला असता. मग जुनं काय उरलं असतं? मी गाडीपुढे उभा राहून हाच हिशेब करतो. अर्ध्याहून जास्त पत्रा बदलावा लागत असेल आणि मोड कशामुळे झाली ते घरातल्यांना ठाऊक असेल, तर मी हात लावत नाही. नुसतीच हेळसांड झाली असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर खुशाल रिस्टोअर करा.

हा हिशेब डोळ्यांनी होत नाही. मी लहान चुंबक मऊ कापडात गुंडाळून गाडीभर फिरवतो. जिथे तो धरत नाही तिथे जाड पुट्टी आहे, तिथे खडूने खूण. मग खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहायचं. दोन तास लागतात, तेवढाही धीर नसेल तर जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रं शेवटी पाहू, ही दुसरी मोठी चूक. १५ जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. छत कापायच्या आधी हे वाचा. आणि तो नंबर रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन-रॅलीसाठी आहे.

बॅटरी जोडून सेल्फ मारू नका. जाम इंजिनात पिस्टनची रिंग तुटू शकते. स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल आणि डिझेल सोडा, आठवडाभर थांबा, मग पान्याने हळूहळू हाताने फिरवा.

पातळ पत्र्यावर जोरात सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा नको, पत्रा वाकतो.

काढलेला एकही नट फेकू नका.

आता 'आहे तशीच' ठेवणाऱ्यांविषयी, कारण तेही कमी चुकत नाहीत. तशीच ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. गंज आपोआप थांबत नाही. लोक गंजावर चकाकणारं वॉर्निश मारतात, त्याखाली ओल अडकते आणि गाडी ओली असल्यासारखी दिसते. मी सुटा गंज मऊ ब्रशने झाडतो, कोरड्या दिवसात पातळ मेण लावतो आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा लावतो. प्लास्टिकची ताडपत्री तर अजिबात नको, आत घाम धरतो. सुती चादर आणि चारी बाजूंनी वारं खेळणारी शेड पुरते. मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, काचांचे रबर तडकतात, म्हणून पश्चिमेची बाजू झाका. टाकीतलं पेट्रोल काढा. उंदरांसाठी वायरिंग दर महिन्याला तपासा.

सध्या माझ्या शेडमध्ये चोपड्याकडची एक जीप आहे. पुढचा उजवा मडगार्ड आत घुसलाय, रेडिएटर फाटलाय. चाकांवरचा भार लाकडी ठोकळ्यांवर घेतलाय, सगळे फोटो काढून झालेत, मडगार्डवर खडूच्या खुणा आहेत. मालकाच्या आईने ती धडक पाहिली होती. त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत. तोवर पान्याला हात लावायचा नाही, असं पोरांना सांगून ठेवलंय.